अपठिताची तयारी: साचा की नजर?

फोंड्याची मास्तरीण
काल या मंचावर एका विद्यार्थ्याने लिहिले की माध्यम-अभ्यासाच्या पेपरातील अपठित मजकुराची तयारी म्हणजे चाळीस संज्ञा पाठ करणे आणि पाच परिच्छेदांचा साचा घोटणे. मग जाहिरात येवो वा बातमी, साच्यात ओतली की गुण पडतात. खाली आभारांची रांग लागली. मला मात्र ते खटकले, कारण त्या साच्यातून निघालेली उत्तरे मी अकरा वर्षे तपासत आहे.

साच्याचे उत्तर दुरून ओळखू येते. ‘लाल रंग धोका किंवा प्रेम सुचवतो’ हे वाक्य त्यात असतेच, मग समोर चित्रपटाचे पोस्टर असो वा टोमॅटोच्या भाववाढीची बातमी. गेल्या वर्षी सरावासाठी मी पणजीत मांडवी नदीकाठच्या एका कॅसिनोच्या फलकाचे छायाचित्र दिले होते. काळे पाणी, दिव्यांनी उजळलेली बोट, कोट घातलेला पुरुष, त्याच्या खांद्यामागून हसणारी स्त्री. मराठी वा कोकणी अक्षर एकही नाही. वर्गातील ३४ पैकी ३१ जणांनी ‘सोनेरी रंग म्हणजे श्रीमंती’ असे लिहिले. फलक बोलतो कोणाशी, हे एकाच मुलीने विचारले. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला जाण्यास बंदी आहे. म्हणजे रोज त्या फलकाखालून कामावर जाणाऱ्या पणजीकराच्या डोक्यावरून तो पर्यटकाशी बोलतो, असे तिने लिहिले. तिच्या उत्तरात एकही संज्ञा नव्हती, तरी सर्वाधिक गुण मी तिलाच दिले.

तयारी करायचीच असेल तर रोज एक मजकूर घ्यावा, मग ते दैनिकाचे पहिले पान असो, पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात असो की तियात्राचे, म्हणजे कोकणी लोकनाट्याचे, पोस्टर, आणि दहा मिनिटे केवळ दिसते तेवढेच लिहावे. ब्रिटनच्या ओसीआर या परीक्षा मंडळाच्या माध्यम-अभ्यासाच्या जुन्या ए लेव्हल (आपल्या बारावीच्या तोडीच्या) पेपरात दूरचित्रवाणी मालिकेचा तुकडा चार वेळा दाखवत आणि पहिल्या वेळी टिपणे काढू देत नसत. आधी पाहणे, मग लिहिणे, एवढाच त्याचा अर्थ.

काणकोणकर
बाई, आभार मानणाऱ्यांत मीही होतो. आपले लिखाण सुंदर आहे, पण ते ज्यांच्या घरी जेवताना अग्रलेखावर वाद होतात त्यांच्यासाठी आहे. आमच्या घरी वर्तमानपत्र येई ते दुकानातून सुक्या मासळीभोवती गुंडाळून. पहिल्या सत्रात मी आपण म्हणता तसेच, दिसले ते तीन पाने भरून लिहिले. १५ पैकी ४ गुण आणि तांबड्या शाईत शेरा: ‘वर्णन नको, विश्लेषण हवे.’ विश्लेषण म्हणजे काय, हे सांगायला कोणी बसले नाही. एका वरच्या वर्गातील मुलाने साचा दिला आणि मी ११ वर पोहोचलो. बुडणाऱ्याला फळी मिळाली तर तिचे लाकूड कोणते, हे काठावरच्यांनी विचारू नये.

पेडण्याचा पाठक
मूळ रोग साच्याचा नसून उसन्या संज्ञांचा आहे. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना, म्हणजे शब्दाचा सरळ, लक्षित आणि सूचित अर्थ, आपल्या मुलांना शाळेतच भेटतात. ‘गंगेवर गवळीवाडा’ या उदाहरणात गंगा म्हणजे गंगेचा काठ, हे ज्याला कळते त्याला जाहिरातीतील सूचितार्थ शिकवण्यासाठी फ्रेंच पंडित कशाला हवेत? ज्ञान घरात असताना आपण ते परदेशी वेष्टनात विकत घेतो.

मडगावकार
पाठकसाहेब, संस्कृत काढले की सगळे सुटते, हा आपला जुना भ्रम. व्यंजनेचा रसिक काव्याचा आनंद घेतो. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ वेगळेच विचारतो. ‘पॅरिस मॅच’ या फ्रेंच साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिक सलाम करताना पाहून त्याने विचारले की साम्राज्य हे स्वाभाविकच आहे, असे वाटायला लावणारे हे चित्र कोणाच्या सोयीचे आहे. फोंड्याच्या त्या मुलीने नेमके हेच केले आणि त्यासाठी तिला गवळीवाड्यात जावे लागले नाही.

डिचोलीचा निवृत्त
ती मुलगी प्राथमिकला कोणत्या माध्यमात होती, हे बाईंनी सांगितले नाही. १९९० साली गोव्यात सरकारी अनुदान केवळ मराठी-कोकणी प्राथमिक शाळांना ठेवले गेले आणि २०११ साली ते इंग्रजी शाळांनाही खुले झाले; तेव्हापासून आमच्या गावची मराठी शाळा ओस पडत गेली. चौथीपर्यंत मराठीत विचार केलेला मुलगा अपठित मजकूर पाहतो मराठीत आणि उत्तर लिहितो इंग्रजीत. वाटेत जे सांडते, ते भरून काढायला तो साचा घोटतो.

मडगावकार
आले, माध्यमाचे रडगाणे आलेच! माझी मुलगी इंग्रजी शाळेत शिकली, घरी कोकणी बोलते आणि तरीही साचाच घोटते. यावर काय म्हणाल?

डिचोलीचा निवृत्त
हेच म्हणेन की तिच्याही दोन भाषांपैकी परीक्षेला एकच चालते. रडगाणे म्हणून हिणवण्यापूर्वी तिला एकदा तो फलक कोकणीत समजावून सांगायला लावा आणि मग तेच इंग्रजीत लिहायला लावा. फरक आपल्यालाच ऐकू येईल.

मडगावकार
लावले. कोकणीत ती दहा मिनिटे बोलत होती, त्यात दोनदा मला वेड्यात काढले. इंग्रजीत पाच ओळी आल्या आणि पहिली ओळ सोनेरी रंगाची होती. अनुदानाबाबतचे आपले मत मला अजूनही मान्य नाही.

फोंड्याची मास्तरीण
भाषेच्या या भांडणात काणकोणकरांना उत्तर द्यायचे राहून गेले. ‘वर्णन नको, विश्लेषण हवे’ हा शेरा मीही शेकडो उत्तरपत्रिकांवर ओढला आहे आणि त्याखाली पुढे काय करावे, हे क्वचितच लिहिले आहे. तेवढा दोष माझ्या पदरात घालावा. वर्णनानंतर ‘हेच का, दुसरे का नाही’ असे विचारायचे असते, हे मी आधी सांगायला हवे होते. साचा मात्र मला अजूनही आवडत नाही.

काणकोणकर
दोष पदरात घातला आहे. आता तो फलक येथे चिकटवा. मी साच्यानेच अर्ध्या तासात उत्तर लिहितो आणि आपण तपासा. सोनेरी रंगाचा उल्लेख करणार नाही, एवढे वचन देतो.