समासातल्या कॉमेंटींनी प्राध्यापकाचं काम खरंच हलकं होतं का?

खडूफळा
सत्र संपत आलं की टेबलावर असाइनमेंटचा ढीग पडतो. माझ्या दोन तुकड्या मिळून १५२ मुलं. पहिल्या दहा वह्या नीट वाचायच्या, अकराव्या वहीपासून कळतं की उरलेल्या सगळ्या त्या दहांच्याच नकला आहेत, चुकांसकट. तरी प्रत्येकीवर लाल पेनाने काहीतरी खरडायचं. दोन आख्खे रविवार जायचे.

यंदा एस.वाय.बी.ए. अर्थशास्त्राची असाइनमेंट बंदच केली. हायपोथिसिस म्हणून एक मोफत साधन आहे. वेबपानावरची किंवा पीडीएफमधली ओळ निवडायची आणि तिच्याशेजारी कॉमेंट टाकायची. वर्गाचा खासगी गट काढला की ती गटातल्या सगळ्यांना दिसते, त्यांना तिथेच उत्तर देता येतं. तासाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने एक प्रश्न आणि एक उत्तर टाकायचं. मी सकाळी चहाबरोबर अर्धा तास चाळतो, पाच-सहा कॉमेंटी उचलतो आणि तास तिथूनच सुरू करतो.

गुण? सत्राअखेर मुलांनी आपल्या उत्तम तीन कॉमेंटी निवडून द्यायच्या, मी तेवढ्याच तपासतो. एका दुपारीत काम संपलं. माझं मत: काम हलकं होतं, पण प्रत्येक कॉमेंट तपासायचा मोह आवरला तरच.

तासिकावाला
सर, तुमचा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. आम्ही सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. घेतलेल्या तासाचे पैसे, तेही कधी मिळतील ते विचारू नका. रात्री साडेअकराला मुलांच्या कॉमेंटी वाचल्या तर बिलाच्या कुठल्या रकान्यात लिहू?

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवणं सांगितलंय. आमच्या कॉलेजात पूर्णवेळ माणूससुद्धा तेवढ्यावर सुटत नाही. वह्या तपासून कोणी मेलं नाही हो, मारतात त्या नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली. आणि लिहून ठेवा, पुढच्या वर्षी प्राचार्य म्हणतील, “त्या कॉमेंटींच्या प्रिंट काढून फाइलला लावा.”

खडूफळा
प्रिंटचं आत्ताच विचारून झालंय. 😀

शाईपेन
मी मराठी शिकवते, माझं दुखणं वेगळंच. आमच्या विभागाच्या निम्म्या पीडीएफ श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांतल्या. पडद्यावर छान मराठी दिसतं, पण ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा काला हातात येतो. उरलेल्या निम्म्या म्हणजे पानांचे फोटो, त्यांत ओळ निवडलीच जात नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी ६० पानं युनिकोडमध्ये आणली. गूगल ड्राइव्हने फोटोतली अक्षरं ओळखली खरी, पण जोडाक्षरं मलाच दुरुस्त करावी लागली. हे कामही मोजा की खडूफळा.

खडूफळा
शाईपेन मॅडम, मान्य. माझी वाचनं इंग्रजीत होती म्हणून मी सहज सुटलो. पण ती ६० पानं पुढच्या वर्षीही चालतील, वह्या दरवर्षी नव्याने तपासाव्या लागतात.

शाईपेन
अभ्यासक्रम बदलला नाही तर! नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून आमचा पेपर किती वेळा बदलला, विचारा.

अटलांटिकपार
मी अमेरिकेत टीचिंग असिस्टंट आहे. आमच्याकडे पेरूझल हे असंच साधन वापरतात, हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक मझूर वगैरेंनी उभं केलेलं. त्यात कॉमेंटींना आपोआप गुण द्यायची सोय आहे, त्यामुळे प्राध्यापक खूश. पण पोरं महिन्याभरात यंत्राला ओळखतात. धड्याच्या सुरुवातीला दोन कॉमेंटी, मध्ये दोन, शेवटी दोन, आणि मोकळी. काम कमी झालं हे खरं, पण वाचन झालं का? मी आपोआप गुण बंद ठेवायच्या मताची आहे, आणि ते बंद केले की काम परत माझ्याच अंगावर!

मागचाबाक
विद्यार्थी या नात्याने सांगतो. “छान मुद्दा”, “सहमत” लिहून आम्ही मोकळे. नाहीतर उतारा चॅटजीपीटीत टाकायचा आणि त्याचा प्रश्न इकडे चिकटवायचा. सरांना वाटतं वर्गात चर्चा पेटलीय.

खडूफळा
दादा, तेही पाहिलं. म्हणून मी प्रश्नच असा देतो की उत्तर घरातून आणावं लागेल. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८चा छोट्या शेतजमिनींवरचा निबंध वाचायला दिला होता. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने रात्री लिहिलं: “आमची पावणेदोन एकर, चुलत्यांत चार वाटण्या. विहीर एकाच्याच वाटणीत, बाकीच्यांना पाळीने पाणी. मग छोटी जमीन म्हणजे किती एकर?” खाली अकरा उत्तरं. एकाने सातबाऱ्यावरची सामाईक विहीर काढली, दुसऱ्याने बैलजोडीचा खर्च.

निबंधाचा गाभा तोच आहे: धारण, म्हणजे कसायला हातात असलेली जमीन, परवडते की नाही हे नुसत्या आकारावर ठरत नाही, जमिनीला भांडवल नि श्रमाची जोड किती, यावर ठरतं. मी वर्गात गेलो तेव्हा फळ्यावर लिहायला फार उरलंच नव्हतं. असा प्रश्न वहीत आला असता तर तो फक्त मी वाचला असता, तोही सत्राच्या शेवटी, झोपेत.

तासिकावाला
ही कॉमेंट भारी आहे, नाकारत नाही. पण तुम्ही सकाळी चहाबरोबर वाचता. मी त्या वेळी दुसऱ्या कॉलेजच्या तासासाठी एसटीत उभा असतो. त्या अर्ध्या तासाचा मोबदला नाही, तोवर ‘काम हलकं झालं’ हे अर्ध्या स्टाफरूमपुरतंच खरं.

शाईपेन
+१. साधन नवीन आलं की फुकट तास वाढतात, हा माझाही अनुभव.

तासिकावाला
तरी एका तुकडीवर करून बघतो. एकच पान, एकच प्रश्न, गुण नाहीत. फक्त एक सांगा, मुलांकडे लॅपटॉप नाहीत आणि मोबाईलच्या क्रोमवर हायपोथिसिसचं एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, चढत नाही. मग?

खडूफळा
एक्सटेन्शन लागतच नाही. हायपोथिसिसच्या साइटवर वाचनाचा दुवा चिकटवायची जागा आहे, तिथून तयार होणारा नवा दुवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. खाती मात्र घरूनच काढायला सांगा. मी वर्गात काढायला लावली आणि कॉलेजचं वायफाय बसलं ते दुपारपर्यंत उठलं नाही.