बंधाऱ्यामुळे होणारं मासेमारीचं नुकसान: बाजारभाव धरायचा की गळवाल्यांचा खर्च?

प्रवाहमापक
नदीवर बंधारा प्रस्तावित आहे. मासे, हौशी मासेमारी आणि अधिवास यांच्या नुकसानीचा आकडा अहवालात हवाय. काठावर घेतलेल्या ४०० मुलाखती आहेत (वर्षातल्या खेपा, अंतर, खर्च, पकड). पकड गुणिले बाजारभाव, अधिक गळवाल्यांचा एकूण खर्च, अधिक अधिवास पूर्ववत करण्याचा खर्च, अशी बेरीज चालेल का?

मागणीवक्र
नाही चालणार. गळ, होडी, इंधन यांवरचा पैसा ही नदी नसती तरी लोकांनी दुसरीकडे खर्चला असता. काठच्या गावांतला रोजगार दाखवायला तो आकडा ठीक आहे, पण तो लाभ नव्हे. लाभ म्हणजे खर्चाच्या वर माणूस आणखी किती मोजायला तयार होता ते, उपभोक्त्याचं संतोषाधिक्य. बाजारभावाने तर मासा पकडून परत सोडणाऱ्याचा लाभ शून्य येईल!

तुमची माहिती प्रवासखर्च पद्धतीला पुरते. मूळ कल्पना अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरल्ड होटेलिंगची, १९४७ मधली: लांबून येणाऱ्याला खेप महाग पडते म्हणून तो कमी वेळा येतो, आणि त्यातून मागणीवक्र (खर्च वाढेल तशा खेपा किती घटतात ते दाखवणारी रेषा) मिळतो. प्रत्येकाचा जाण्यायेण्याचा खर्च काढा, त्यात वेळेची किंमत मिळवा (तासाच्या मजुरीचा एक तृतीयांश धरण्याचा प्रघात आहे). मग खेपांची संख्या एकीकडे; खर्च, उत्पन्न आणि जवळच्या पर्यायी पाण्यापर्यंतचा खर्च दुसरीकडे. प्वासाँ प्रतिमानात (खेपांसारख्या मोजता येणाऱ्या संख्यांसाठीचं सांख्यिकी सूत्र) खर्चाचा सहगुणक, म्हणजे खर्च एकाने वाढला की खेपा किती प्रमाणात घटतात तो आकडा, −०.०४ आला, तर दर खेपेचं संतोषाधिक्य १ ÷ ०.०४ = २५, ज्या चलनात खर्च मोजला त्यात. पर्यायी पाणी गाळलंत तर आकडा बहुधा फुगतो.

काठगणक
मुलाखती काठावरच्या आहेत, खरी गोम तिथे आहे. वर्षात २० खेपा करणारा माणूस एकदाच येणाऱ्यापेक्षा २० पट सहज सापडतो आणि न येणारा कधीच सापडत नाही. प्वासाँमध्ये खेपांच्या जागी (खेपा − १) घातलं की दोन्ही दोष निघतात. खेपांचं प्रचरण (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) सरासरीपेक्षा बरंच मोठं असेल तर ऋण द्विपद प्रतिमान लागेल, म्हणजे जास्त विखुरलेल्या संख्यांना चालणारं प्वासाँसारखंच सूत्र. तिथे नुसतं वजा एक पुरत नाही, दुरुस्तीचं सूत्र वेगळं आहे.

पकडीचा दरही तपासा. माणूस परतताना विचारलं असेल तर सगळ्यांची पकड भागिले सगळ्यांचे तास. गळ टाकून बसलेल्याला मधेच गाठलं असेल तर प्रत्येकाचा ताशी दर काढून त्यांची सरासरी, अर्ध्या तासाच्या आतल्या नोंदी वगळून. दोन्ही प्रकार एकत्र कालवू नका. आणि पाहुणा म्हणून आलेला, जाता जाता गळ टाकणारा माणूस वेगळा काढा. त्याचा सगळा प्रवासखर्च नदीच्या नावावर टाकता येत नाही.

प्रवाहमापक
म्हणजे २५ गुणिले वर्षाच्या एकूण खेपा, हे नुकसान?

मागणीवक्र
नदी पुरती बंद झाली तरच. बंधाऱ्याने वाहत्या पाण्यातले मासे घटतील, वर चढणाऱ्यांची वाट अडेल, अंडी घालायची खडी गाळाखाली जाईल. जलाशयात मात्र दुसऱ्या जातींची मासेमारी वाढूही शकते. मोजायचा तो निव्वळ फरक. पकड घटल्याने लोकांचं किती नुकसान होतं ते कळायला पकडीचा दर ठिकाणागणिक वेगळा हवा. एकाच नदीवर तो फारसा बदलत नाही, म्हणून तीन-चार ठिकाणांची माहिती घेऊन 'कोण कुठे जातो' याचं निवड-प्रतिमान बसवा.

पाणथळ
अधिवासाचा खर्च त्यात मिळवू नका. मासे त्याच अधिवासातून येतात, तेव्हा तीच गोष्ट दोनदा मोजली जाईल. पैशाऐवजी जागेच्या बदल्यात जागा द्यायची असेल तर हेक्टर-वर्षांत (एक हेक्टर जागा एक वर्ष चालली की एक) हिशेब करा. समजा १० हेक्टर कायमचे जाणार, आणि बदली जागा १० वर्षांनी एकदम पूर्ण क्षमतेने चालू होणार. ३ टक्के वटाव दराने (पुढच्या वर्षांचा लाभ दरवर्षी तितका कमी मोलाचा धरण्याचा दर) तिची आजची किंमत सुमारे ७४ टक्के, म्हणून १३.४ हेक्टर लागतील. बदली जागा तितकी कसदार नसेल तर आणखी जास्त. मेलेल्या माशांना बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लाच्या) भावाने गुणणारेही भेटतील. पूर्ण वाढलेल्या, अंडी घालणाऱ्या मादीला तो भाव लावणं म्हणजे शुद्ध कंजुषी.