मदत हवी आहे: एकाच कंपनीच्या गाड्यांसाठी असलेला ६० किलोवॅटचा फास्ट चार्जर सगळ्यांसाठी खुला करायचा आहे (वर्धा रोड, नागपूर)

वर्धारोड_थांबा:
नमस्कार मंडळी. बुटीबोरीच्या अलीकडे आमच्या हॉटेलच्या आवारात ६० किलोवॅटचा डीसी चार्जर आहे. दोन गन (गाडीत लावायचे प्लग), दोन्ही सीसीएस-२ प्रकारच्या. एका कार कंपनीच्या नेटवर्कशी करार होता, त्यामुळे त्याच कंपनीच्या गाड्या त्यांच्या अ‍ॅपवरून चार्ज होत. करार आता संपला. यंत्र आमच्या मालकीचं आहे आणि वीजजोडणीही आमच्याच नावावर आहे. महामार्गावरून येणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या गाडीला चार्जिंग मिळावं, एवढीच इच्छा आहे.

पाटीवर लिहिलंय: आउटपुट १५० ते ५०० व्होल्ट, प्रत्येक गन कमाल १२५ अँपिअर, ओसीपीपी १.६ जे (चार्जर आणि सर्व्हरने बोलायची भाषा). सर्व्हिसवाल्याने टेस्ट मोडमध्ये दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या लावून पाहिल्या. काही लगेच सुरू झाल्या. एक 'केबल चेक'वर थांबते. एक सुरू होते, पण ४० किलोवॅटच्या वर जात नाही.

सॉफ्टवेअर बदलून भागेल का, की यंत्रच बदलावं लागेल? आणि दुचाकीवाले फार विचारतात, त्यांच्यासाठी याच यंत्रावर काही करता येईल का?

खापरी_कंट्रोल:
यंत्र बदलू नका भाऊ. तुमचं कुलूप गनमध्ये नाही, चार्जर नेटवरून ज्याची परवानगी घेतो त्या सर्व्हरमध्ये आहे. टेस्ट मोडमध्ये दुसऱ्या गाड्या सुरू झाल्या, हाच त्याचा पुरावा.

टेस्लाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्समधली १० सुपरचार्जर स्टेशनं इतर गाड्यांना खुली केली, तेव्हा तिथेही हेच होतं. युरोपात त्यांच्या नव्या चार्जरला सीसीएस-२ गनच होती, त्यामुळे अ‍ॅपमधून परवानगी देऊन काम झालं. अमेरिकेत गनच वेगळी, म्हणून तिथे चार्जरला अडॅप्टर जोडावे लागले. आपल्याकडे कारसाठी सीसीएस-२ रुळलेलं आहे, म्हणजे आपली स्थिती युरोपसारखी.

आता क्रमाने काय करायचं ते सांगतो.

चार्जर बनवणाऱ्या कंपनीकडून इन्स्टॉलर पासवर्ड लेखी मागा, नेटवर्ककडून नव्हे. तो हातात आल्याशिवाय नव्या सर्व्हरवाल्याला पैसे देऊ नका. पासवर्ड मिळाला की आत तीन गोष्टी बदलायच्या: सर्व्हरचा पत्ता, चार्जरची ओळख आणि तिचा पासवर्ड. नवा सर्व्हर सुरक्षित जोडणी वापरत असेल तर त्याचं रूट सर्टिफिकेट (सर्व्हर खरा असल्याची खात्री करणारी फाइल) चार्जरमध्ये असायला हवं. नाहीतर चार्जर जोडणीचा प्रयत्न करतच राहतो आणि स्क्रीनवर नुसतं 'ऑफलाइन' दिसतं.

इथे बहुतेक जण सिमकार्ड विसरतात. जुन्या नेटवर्कचं सिम अनेकदा खासगी एपीएनवर (सिमला नेटशी जोडणाऱ्या मार्गावर) असतं आणि फक्त त्यांच्याच सर्व्हरपर्यंत पोचतं. नवं सिम घ्या, एपीएन बदला, मगच सर्व्हरवाल्याला फोन करा.

जोडणी झाली की चार्जरच्या आतली परवानगी असलेल्या ग्राहकांची जुनी यादी पुसा. 'सेंड लोकल लिस्ट' हा आदेश 'फुल' प्रकारात रिकामी यादी देऊन पाठवायचा, मग 'क्लिअर कॅश'. 'अलाउ ऑफलाइन टीएक्स फॉर अननोन आयडी' (नेट नसताना अनोळखी ग्राहकालाही चार्जिंग देणारी सेटिंग) बंदच ठेवा, नाहीतर नेट गेलं की वीज फुकट जाईल. 'कनेक्शन टाइमआउट' ३० सेकंदांवर असेल तर १२० करा. नवखा माणूस अ‍ॅप उघडून, गाडी लावून, गन बसवेपर्यंत ३० सेकंद संपून जातात.

आणखी एक जागा तपासा. काही नेटवर्क गाडीच्या मॉडेमच्या मॅक पत्त्यावरून (ओळख क्रमांकावरून) ती आपली की परकी हे ठरवतात. गाडी आणि चार्जर बोलतात त्या डीआयएन ७०१२१ या भाषेत चार्जरला चासी नंबर कळतच नाही, मॅक पत्ता तेवढा कळतो. अशी गाळणी फर्मवेअरमध्ये (चार्जरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) बसवलेली असेल तर सर्व्हर बदलूनही इतर गाड्या नाकारल्या जातील. चार्जरच्या कंपनीला हे नेमक्या शब्दांत विचारा.

मॉड्यूल_मिस्त्री:
केबल चेक आणि ४० किलोवॅटचं उत्तर मी देतो.

४० चं साधं आहे. १२५ अँपिअर गुणिले ३२० व्होल्ट म्हणजे ४० किलोवॅट. ज्या गाडीची बॅटरी ३२० व्होल्टच्या आसपास, तिला तुमच्या गनमधून याहून जास्त मिळणारच नाही. तिला ६० द्यायचे तर साधारण १८८ अँपिअर लागतात. म्हणजे २०० अँपिअरची गन, केबल आणि आतले कॉन्टॅक्टर (वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच), तिन्ही लागतील. नुसती गन बदलून सेटिंग वाढवाल तर कॉन्टॅक्टर तापून चिकटतील. तसं अजिबात करू नका. दर्शनी पाटीवर 'कमाल १२५ अँपिअर' असं ठळक लिहा म्हणजे तक्रार राहत नाही. ८०० व्होल्ट वर्गातल्या ह्युंदाई आयोनिक ५ आणि किया ईव्ही ६ या गाड्या तुमच्या ५०० व्होल्टच्या यंत्रावरही चार्ज होतात. त्या व्होल्टेज स्वतःच्या आत वाढवून घेतात, वेग मात्र कमी मिळतो.

आता केबल चेक. गन लॉक झाली की चार्जर तारांवर व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजतो. गाडीचे कॉन्टॅक्टर तेव्हा उघडे असतात. प्रत्येक व्होल्टमागे १०० ओहमपेक्षा कमी भरलं तर फॉल्ट, म्हणजे ५०० व्होल्टला ५० किलो-ओहम. या टप्प्याला ४० सेकंदांची मर्यादा आहे. पुढचा टप्पा प्रीचार्ज. त्यात ७ सेकंदांच्या आत चार्जरचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजपासून २० व्होल्टच्या आत यावं लागतं, तेव्हा गाडी आपले कॉन्टॅक्टर जोडते.

एका कंपनीच्या गाड्या चालतात आणि दुसरीची अडते, याची कारणं अशी निघतात. जुनं फर्मवेअर इन्सुलेशन मॉनिटरची (इन्सुलेशन मोजणाऱ्या भागाची) स्वतःची चाचणी याच ४० सेकंदांत उरकतं आणि वेळ पुरत नाही. ती चाचणी गन रिकामी असताना व्हायला हवी. दुसरं, केबल चेक ५०० व्होल्टवर झाला की ते व्होल्टेज खाली यावं लागतं. ब्लीड रेझिस्टर (उरलेलं व्होल्टेज उतरवणारा भाग) मंद असेल तर ३२० व्होल्टची गाडी प्रीचार्जला थांबून थांबून सोडून देते, आणि स्क्रीन मात्र आधीच्या टप्प्याचंच नाव दाखवत राहते. तिसरं, दोन्ही गनचे इन्सुलेशन मॉनिटर एकदम चालू राहिले तर मोजमाप चुकतं.

म्हणून आधी दुसरी गन रिकामी ठेवून तीच गाडी लावा. मग गन कोरडी करून लावा. पावसाळ्यात गन तोंड वर करून टांगली की पिनांत पाणी साचतं. तरीही अडली तर 'गेट डायग्नोस्टिक्स' या आदेशाने लॉग (चार्जरच्या नोंदी) काढा आणि वेळेच्या शिक्क्यासह कंपनीला पाठवा. मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायचा असेल तर चार्जर पूर्ण बंद करून, इन्सुलेशन मॉनिटर सोडवूनच लावा.

वर्धारोड_थांबा:
फार मोलाची माहिती. दुसरी गन रिकामी ठेवल्यावर तीच गाडी व्यवस्थित सुरू झाली. म्हणजे तिसरं कारण ना? आणि दोन गाड्या एकदम लावल्या की कधीकधी एक सुरूच होत नाही, तेही यामुळेच का?

मॉड्यूल_मिस्त्री:
पहिलं हो, मॉनिटरचंच. एका वेळी एकच चालू राहील असं फर्मवेअर मागा, ते कंपनीकडेच असतं.

दुसरं कारण वेगळं. गाडी आणि चार्जर बोलतात ते गनमधल्या पायलट तारेवरून. आपण नेमक्या कोणत्या चार्जरला जोडलेलो आहोत हे गाडी सिग्नल किती क्षीण होतो त्यावरून ओळखते. दोन गनच्या केबल एकत्र गुंडाळून ठेवल्या तर सिग्नल एकातून दुसरीत झिरपतो. केबल वेगवेगळ्या आकड्यांवर टांगा, आणि एक गाडी सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटाने दुसरी लावायला सांगा.

दुसरी गाडी आली की वीज ३०-३० वाटली जाते, हेही पाटीवर लिहा. पहिल्या ग्राहकाला वाटतं चार्जर बिघडला.

काळीमाती:
सगळे सॉफ्टवेअरवर बोलताहेत, अर्थिंगकडेही बघा नं. आपल्याकडची जमीन काळी कपाशीची. एप्रिल-मेमध्ये ती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध चढतो आणि पावसाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर उन्हाळ्यात 'अर्थ फॉल्ट' दाखवतो. रोध मेमध्ये मोजा, ऑगस्टमध्ये मोजून उपयोग नाही. न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज भार असताना बघा. २-३ व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रलचा जोड ढिला आहे किंवा खड्डा सुकला आहे. खड्ड्यात पाणी घालायची सोय कायमची करा.

६० किलोवॅट द्यायला आत साधारण ६४ किलोवॅट घ्यावे लागतात, म्हणजे तिन्ही फेजवर ९० अँपिअरच्या आसपास, तेही सलग तासभर. महावितरणचा मंजूर भार त्याहून कमी असेल तर आधी वाढवून घ्या, आणि जोडणी चार्जिंग स्टेशनच्या वर्गात आहे का तेही बघा. हॉटेलच्या व्यावसायिक मीटरवरून चालवू नका.

पंख्यांच्या जाळ्या उन्हाळ्यात दर आठवड्याला साफ करा. वर्धा रोडची धूळ बसली आणि बाहेर ४५ अंश असले की पॉवर मॉड्यूल (एसीची डीसी करणारे आतले भाग) स्वतःहून वीज कमी करतात. पश्चिमेच्या बाजूने शेड टाका.

खापरी_कंट्रोल:
दराबद्दल दोन गोष्टी. आत ६४ आणि गाडीत ६० म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास वीज यंत्रातच उष्णता होऊन जाते. दर ठरवताना ती धरा, शिवाय शुल्कावरचा १८ टक्के जीएसटी आणि पेमेंट गेटवेची कपात. केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत चार्जिंग स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट, असं सुचवलं आहे. प्रत्यक्ष दर राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो, तेव्हा आपलं बिल बघूनच आकडा लावा.

सर्व्हर निवडताना ओसीपीआय २.२.१ आहे का ते विचारा. ते असेल तर दुसऱ्या नेटवर्कच्या अ‍ॅपमध्येही तुमचा चार्जर दिसेल आणि तिथूनच पैसे येतील. नसेल तर बाहेरगावच्या माणसाला तुमचं अ‍ॅप उतरवावं लागेल, आणि रात्री अकराला महामार्गावर ते कोणी आनंदाने करत नाही. यूपीआयचा क्यूआर थेट चार्जरवर हवाच.

दुचाकी_धरमपेठ:
दुचाकीचं या यंत्रावर होणार नाही. स्कूटरची बॅटरी ५० व्होल्टच्या आसपास आणि तुमचा चार्जर १५० च्या खाली उतरतच नाही. बाजारात कोणी अडॅप्टर दाखवला तरी घेऊ नका. दुचाकीसाठी स्वतंत्र गन असते. एथरने आपली गन इतर कंपन्यांना खुली केली, २०२३ मध्ये तिला भारतीय मानकात जागा मिळाली, आणि हिरोच्या विडा स्कूटरही तीच वापरतात. तसा छोटा चार्जर वेगळा बसवा. त्यासोबत १६ अँपिअरचे दोन-तीन साधे सॉकेट ठेवले तर बाकीच्या स्कूटरचंही भागेल.

मॉड्यूल_मिस्त्री:
एक राहिलं. गाडी उभी करायची जागा पुन्हा आखा. एका कंपनीच्या हिशोबाने आखलेली जागा इतरांना पुरत नाही. झेडएस ईव्ही आणि पंच ईव्हीचं चार्जिंगचं तोंड पुढे नाकावर, एक्सयूव्ही ४०० चं पुढच्या डाव्या मडगार्डवर, आयोनिक ५ चं मागे उजवीकडे. केबल ५ मीटरची असेल तर चार्जर दोन जागांच्या मधोमध, व्हीलस्टॉपरच्या अगदी मागे हवा. केबल ताणून लावली की गनचं वजन सॉकेटवर येतं, लॉकची पिन अडकते आणि चार्जिंग संपलं तरी गन निघत नाही. तसं झालं तर ओढू नका. गन हाताने वर उचलून धरा, गाडी लॉक करून पुन्हा अनलॉक करा, मग काढा.