पक्षाघातानंतरची स्पॅस्टिसिटी रोबोटने मोजण्याचा नेमका फायदा काय?

प्रश्न:
पक्षाघातानंतर मनगटात येणाऱ्या स्पॅस्टिसिटीच्या (स्नायूंच्या अनैच्छिक ताठरपणाच्या) मोजमापावर मी फिजिओथेरपीचा पदव्युत्तर प्रबंध लिहीत आहे. मॉडिफाइड ॲशवर्थ स्केलवर, म्हणजे सांधा हाताने हलवून जाणवणाऱ्या विरोधाला ० ते ४ अंक देण्याच्या पद्धतीत, एकाच रुग्णाला मी १+ देतो आणि सहकारी २ देतात, असे वारंवार घडते. रोबोटिक उपकरणाने हा मतभेद मिटेल, की केवळ दशांश चिन्हापुढचे आकडे वाढतील?

प्रतिसाद १:
मतभेद कमी होईल, पण खरा फायदा वेगळा आहे. न्यूरोलॉजिस्ट जेम्स लान्स यांच्या १९८० च्या व्याख्येनुसार स्पॅस्टिसिटी म्हणजे ताणण्याच्या वेगाबरोबर वाढणारा ताण-प्रतिक्षेप (स्नायू ताणला की तो आपोआप आकुंचन पावणे). ॲशवर्थमध्ये मात्र हा वेग परीक्षकाच्या हातावर सोपवलेला असतो. रोबोट मनगट आधी सेकंदाला सुमारे ५ अंश इतक्या संथ गतीने वळवतो, आणि नंतर तेच अंतर २०० अंशांहून अधिक गतीने पार करतो. संथ फेरीत प्रतिक्षेप फारसा जागा होत नाही, म्हणून तेव्हाचा विरोध मुख्यतः आखडलेल्या स्नायूंचा व कंडरांचा असतो. वेगवान फेरीतील विरोधातून हा भाग, हाताचे जडत्व आणि ऊतींची श्यानता वजा केली, की उरतो तो प्रतिक्षेपाचा वाटा. स्नायू सैल करणारे बोटुलिनमचे इंजेक्शन याच वाट्यावर काम करते. आखडलेला स्नायू त्याने लांब होत नाही. ॲशवर्थच्या एका अंकात हे दोन्ही मिसळलेले असते.

प्रतिसाद २:
वरील विवेचन पटते, मात्र ही वजाबाकी रुग्ण पूर्ण सैल असल्याचे गृहीत धरते. त्याने नकळत जोर लावला तर तोही प्रतिक्षेप म्हणूनच मोजला जातो, त्यामुळे सोबत ईएमजी (स्नायूंतील विद्युत संकेतांची नोंद) लावणे मी आवश्यक मानतो. सांध्याचा अक्ष आणि यंत्राचा अक्ष जुळला नाही तरी आकडे बिघडतात. शिवाय लागोपाठ ताण दिल्यास विरोध उतरत जातो, म्हणून फेऱ्यांची संख्या आणि मधली विश्रांती प्रबंधात स्पष्ट नोंदवावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आमच्या विभागातील यंत्र व्यायामासाठीचे असून ते सेकंदाला ६० अंशांपलीकडे जात नाही. ते चालेल का?

प्रतिसाद १:
त्या गतीला अनेक रुग्णांत प्रतिक्षेप पुरेसा उमटणार नाही, आणि तुम्ही स्पॅस्टिसिटी म्हणून बहुधा आखडलेपणाच मोजाल. त्या यंत्रावर संथ फेरी करा, आणि वेगवान ताणासाठी टार्ड्यू पद्धतीने, हातानेच, अडकण्याचा कोन (झटकन ताणताना सांधा ज्या कोनात एकदम अडतो तो) नोंदवा.