टेक्सासच्या उकाड्यात शरद ऋतू आणि तिथले सण कसे अनुभवावेत?

प्रश्न (ह्यूस्टन)

सप्रेम नमस्कार. आमचे कुटुंब गेल्या हिवाळ्यात ह्यूस्टनला स्थायिक झाले असून येथील शरद ऋतू आम्ही प्रथमच पाहत आहोत. दुकानांत सप्टेंबरपासूनच लाल-पिवळी कृत्रिम पाने, भोपळे आणि लोकरीचे कपडे मांडलेले आहेत, मुलीच्या शाळेच्या फलकावर पानगळीची चित्रे लागली आहेत. बाहेर मात्र दुपारी पारा ३२ अंशांच्या खाली उतरत नाही आणि अंगणातला ओक हिरवागार आहे. आपल्याकडे हा ऋतू कधी येणार, असे मुलगी रोज विचारते. उत्तरेकडच्या थंड राज्यांची नक्कल बाजूला ठेवून या भूमीचा स्वतःचा शरद कुठे पाहावा, येथील कोणते सोहळे आवर्जून अनुभवावेत आणि आपल्या नवरात्र-दिवाळीशी त्यांची सांगड कशी घालावी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (ऑस्टिन)

मुलीला निःशंकपणे सांगा, की ऋतू आलेला आहे. महाराष्ट्रात वाढलेल्यांना हे पटणे अवघड जाऊ नये, कारण आपला आश्विनही तापलेलाच असतो. पाऊस ओसरून आभाळ निवळले, की ऑक्टोबर हीट सुरू होते आणि त्याच उन्हात घट बसतात, शेतात भात पिवळा पडतो, आपट्याची पाने वाटली जातात. पानगळीची वाट पाहत बसलो असतो, तर आपला दसरा शिशिरापर्यंत लांबला असता.

येथेही खरा बदल उजेडात होतो. सप्टेंबरमधल्या विषुवदिनापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंत ह्यूस्टनचा दिवस एका तासाहून अधिक आखडतो, आणि पशुपक्षी व झाडे उकाड्याची पर्वा न करता या बदलाची दखल घेतात. सप्टेंबरच्या अखेरीस कॉर्पस क्रिस्टीच्या आकाशातून रुंद पंखांचे ससाणे हजारोंच्या थव्यांनी दक्षिणेकडे जातात. ऑक्टोबरमध्ये नारिंगी-काळी मोनार्क फुलपाखरे राज्यभरातून मेक्सिकोच्या डोंगरातील ओयामेल वृक्षांच्या जंगलाकडे निघतात. १९९५ पासून मोनार्क हा टेक्सासचा राज्यकीटक आहे. त्यानंतर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून, अत्यंत दुर्मीळ असे हूपिंग क्रौंच कॅनडातील वुड बफेलो अरण्यातून सुमारे ४००० किलोमीटरचा प्रवास करून अरान्सासच्या किनाऱ्यावर उतरू लागतात. ह्यूस्टनहून अरान्सासला जाणे सहज शक्य आहे आणि मुलांना ऋतू दाखवण्यासाठी मला तरी याहून चांगली जागा माहीत नाही.

आपल्या अंगणात लाइव्ह ओक असेल, तर तो लाल होण्याची वाट पाहू नये. तो हिवाळाभर हिरवा राहतो आणि जुनी पाने वसंतात, नवी पालवी फुटण्याच्या सुमारास टाकतो. रंगीत पानेच पाहायची असतील, तर व्हँडरपूलजवळच्या लॉस्ट मेपल्स उद्यानात ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत केव्हातरी जावे. लाल रंग खुलण्यासाठी दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो, त्यामुळे वर्ष कोरडे किंवा फार उष्ण गेले, तर पाने सरळ तपकिरी होऊन गळतात. उद्यान या काळात रंगांची स्थिती नियमितपणे जाहीर करते. ती पाहून आणि प्रवेशाचे आरक्षण आधी करूनच निघावे, कारण शनिवार-रविवारी तेथे जागा मिळत नाही.

उत्तर (डॅलस)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. त्यात माणसांच्या सोहळ्यांची भर घालतो.

डॅलसच्या फेअर पार्कमध्ये भरणारी टेक्सासची राज्य जत्रा १८८६ पासूनची आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी ती सुरू होते आणि २४ दिवस चालते. ५५ फूट उंचीचा ‘बिग टेक्स’ हा गुराखी पुतळा, आकाशपाळणे आणि तळलेल्या पदार्थांच्या रांगा यांचीच चर्चा फार होते, परंतु माझ्या मते जत्रेचा गाभा गुरांच्या गोठ्यांत आहे. शेतकऱ्यांची शाळकरी मुले वर्षभर स्वतः वाढवलेली वासरे, मेंढ्या आणि डुकरे तेथे स्पर्धेसाठी आणतात, त्यांना आंघोळ घालतात, भांग पाडावा तसे त्यांचे केस विंचरतात. ते पाहताना ही मुळात शेतीची जत्रा आहे, हे आपोआप ध्यानात येते. दुपारी उकाडा असह्य होतो. त्यामुळे आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दरवाजे उघडताच आत जावे.

दुसरा सोहळा आपल्या मुलीला पुढे शाळेतच भेटेल. शरदात माजी विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी फुटबॉलचा ‘होमकमिंग’ सामना असतो आणि त्या दिवशी टेक्सासमधल्या मुली छातीवर ‘मम’ मिरवतात. मम म्हणजे शेवंती. पूर्वी ते एक ताजे फूल असे. आता कापडी शेवंतीला फिती, घुंगरे आणि लहान बाहुल्या लटकवून ते गुडघ्यापर्यंत पोचते, तर मुले त्याची लहान आवृत्ती दंडावर बांधतात. विकतचे मम फार महाग पडते, म्हणून अनेक घरांत आई आणि मुली ते एकत्र बसून तयार करतात, आणि मला त्यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. रात्र लांबू लागली, की शेवंतीला कळ्या धरतात. म्हणूनच येथे उकाडा असतानाही ती याच दिवसांची खूण ठरली आणि आपल्याकडेही ती याच सुमारास देवापुढे येते.

उत्तर (सॅन अँटोनियो)

नवरात्र-दिवाळीशी सांगड घालण्याविषयी आपण विचारले आहे. त्यासाठी १ आणि २ नोव्हेंबरला येणारा मेक्सिकन लोकांचा मृतात्म्यांचा दिवस अवश्य पाहावा. टेक्सासचा दक्षिण भाग एकेकाळी मेक्सिकोतच होता, त्यामुळे हा सण येथे उपरा नाही. घरोघरी दिवंगतांची छायाचित्रे मांडून त्यांच्यापुढे त्यांच्या आवडीचे पदार्थ, पाणी, मेणबत्त्या आणि झेंडूची फुले ठेवतात. पहिला दिवस बालकांचा, दुसरा प्रौढांचा मानतात. नेमक्या याच दिवसांत मोनार्क मेक्सिकोच्या जंगलात पोचतात आणि ती पितरांचीच रूपे असल्याची तेथे श्रद्धा आहे.

झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. आपल्याकडे तो दसऱ्याच्या तोरणात शोभतो, येथे तो मृतांना घराची वाट दाखवतो. मेक्सिकन बाजारांत ऑक्टोबरच्या अखेरीस त्याच्या जुड्या येतात आणि येथील बरीच मराठी घरे दिवाळीसाठी तेथूनच फुले नेतात. एक विनंती मात्र करावीशी वाटते. सार्वजनिक मांडणीत अनेकदा कोणाच्या तरी नुकत्याच गेलेल्या आईवडिलांचे छायाचित्र असते, म्हणून छायाचित्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी आणि कवट्यांच्या सजावटीमुळे त्याला हॅलोवीनचा, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या भुताखेतांच्या सणाचा, भाग समजू नये. मांडणीजवळ उभ्या असलेल्या माणसाला ‘हे कोण?’ असे विचारले, तर तो बहुधा आनंदाने सांगतो. मुलीला पितृपक्षातले पान आठवत असेल, तर तिला फारसे समजावावे लागणार नाही.

प्रश्नकर्ता (ह्यूस्टन)

सर्वांचे मनापासून आभार. अरान्सास आणि सॅन अँटोनियो येथे जाण्याचे निश्चित केले आहे. एक लहानसा प्रश्न राहिला: मुलीला दारात कोरलेला भोपळा हवा आहे. या हवेत तो टिकेल का?

उत्तर (ऑस्टिन)

कोरलेला भोपळा येथील दमट उष्णतेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, त्यामुळे तो ३० ऑक्टोबरच्या आधी कोरू नये. तोवर अखंड भोपळा सावलीत, जमिनीला न टेकेल असा ठेवावा आणि मुलीला त्यावर रंगकाम करू द्यावे. शक्य झाल्यास पश्चिम टेक्सासमधल्या फ्लॉइडाडाकडचा भोपळा मागावा. तो प्रदेश उंच पठारावर असल्याने तेथील रात्री लवकर गार होतात आणि भोपळ्याचे पीक राज्यात तेथेच सर्वाधिक नावाजलेले आहे. हॅलोवीन झाल्यावर, न कोरलेला आणि रंग न लावलेला भोपळा उरला असेल, तर त्याची भाजी करता येते, परंतु कोरायचे मोठे वाण पाणचट असते. भाजीसाठी लहान, जड भोपळा वेगळा घ्यावा.