मदत हवी: पाण्याच्या दाबाने भूकंप होतो की टळतो?

अलकापुरी_२१:
उद्या सकाळी सेमिनार आहे, प्लीज लवकर सांगा. एका पेपरात आहे की खडकातल्या पाण्याचा दाब वाढला की फॉल्ट (जमिनीखालची भेग) सरकतो नि भूकंप होतो, दुसऱ्यात म्हणतात दाब जास्त असतो तिथे प्लेट हळूहळू सरकते, धक्काच बसत नाही. दोन्ही कसं खरं असेल? सर फोन उचलत नाहीयेत.

मांडवीकर:
कुठला फॉल्ट, किती खोल? बीएस्सी की एमएस्सी? काही लिहिशील की नाही.

अलकापुरी_२१:
सबडक्शन झोन हो, एक प्लेट दुसरीखाली जाते तिथला. एमएस्सी.

कराडचा_बडोद्यात:
कोयना टाक स्लाइडवर. ११ डिसेंबर १९६७, ६.३ चा भूकंप, धरण भरायला लागल्यावर काही वर्षांतच. आमच्या घरी अजून तो विषय निघतो.

मांडवीकर:
कोयना प्लेटच्या पोटात आहे दादा, सबडक्शनशी काय संबंध?

खंडेराव_मार्केट:
एवढं काय त्यात, पाणी म्हणजे वंगण. बिजागरीला तेल घातलं की दार सरकतं.

दगडधोंडे:
वंगण नाही हो, दर वेळी कोणीतरी हेच म्हणतं! फॉल्टच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या जातात, त्या दाबातून पाण्याचा दाब वजा करायचा, उरेल तेवढाच घर्षणाच्या कामी येतो. हबर्ट आणि रुबी या भूवैज्ञानिकांचा पेपर, १९५९. आणि कोयना अगदीच गैरलागू नाही, तत्त्व तेच. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून खोल विहिरीत सांडपाणी सोडलं तर भूकंप सुरू झाले, १९६६ ला बंद केलं तरी सगळ्यात मोठे धक्के १९६७ मध्ये आले, कारण दाब आत पसरतच राहिला.
आता तुझा प्रश्न. ताण साठलेल्या, अडकलेल्या फॉल्टवर दाब नव्याने वाढला तर तो सुटतो, हा पहिला पेपर. दाब कायमच जास्त असेल तर तिथे मुळात फार ताण साठत नाही, सरकणं सुरू झालं तरी वेग पकडत नाही, त्याला स्लो स्लिप म्हणतात. कॅस्केडियात, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सबडक्शन झोनमध्ये, साधारण १४ महिन्यांनी होतं. तिथलं पाणी खाली जाणाऱ्या प्लेटमधल्या खनिजांतून तापून सुटलेलं.

सयाजी_गप्पा:
२००१ ला आमची बिल्डिंग हलली होती, भूज पण सबडक्शनच ना?

दगडधोंडे:
नाही. आपल्याला जवळचं सबडक्शन म्हणजे पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याचं मकरान, १९४५ ची त्सुनामी मुंबईपर्यंत आली होती.

खंडेराव_मार्केट:
आमच्या बोअरचं पाणी खारट झालंय, त्याचा काही...

मांडवीकर:
वेगळा धागा काढा काका.

अलकापुरी_२१:
थँक्स दगडधोंडे! दुसरा पेपर न्यूझीलंडच्या हिकुरांगीचा आहे, स्लो स्लिप अगदी उथळ, समुद्रतळाजवळ. मग कॅस्केडियाचीच आकृती लावू ना?

दगडधोंडे:
हे आत्ता सांगतोयस? नको लावू. कॅस्केडियात ते तीस-चाळीस किलोमीटर खोल होतं. उथळ भागात पाणी गाळाच्या छिद्रांतलं नि चिकणमातीच्या खनिजांतलं. आणि हिकुरांगीत १९४७ ला दोन त्सुनामी भूकंपही (धक्क्याच्या मानाने मोठी त्सुनामी आणणारे) झालेत, जवळपास त्याच भागात, म्हणजे "धक्का बसतच नाही" हे वाक्य स्लाइडवरून काढ, परीक्षक नेमकं तेच पकडतील.