पावणेएक वाजता नेमकं कोण खरं? (स्ट्राइड खून, १८८८)

प्रश्न
मी साताऱ्यात लॉ करतोय. लंडनमधला एलिझाबेथ स्ट्राइडचा खून, ३० सप्टेंबर १८८८, जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याच्या नावावर धरतात तो. साक्षीदार इस्रायल श्वार्त्झ म्हणतो, रात्री पावणेएकला बर्नर स्ट्रीटवरच्या फाटकाशी एकानं तिला खाली पाडलं. दुसरा साक्षीदार जेम्स ब्राउन म्हणतो, त्याच सुमारास ती कोपऱ्यावर एकाला "आज नको, पुन्हा कधीतरी" म्हणत होती. एकाला खोटं ठरवायचं का?

उत्तर १
ब्राउन शपथेवर बोलला. इन्क्वेस्टच्या (मृत्यूच्या कारणाच्या चौकशीच्या) साक्षींत श्वार्त्झ दिसतच नाही. मी ब्राउनला धरेन.

उत्तर २ (सांगली)
एकतीस वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्या, म्हणून सांगतो. खोटं कुणालाच ठरवू नका.

जतकडचा एक कानडी मेंढपाळ आठवतो. पोलिसांपुढच्या जबाबात आरोपीच्या हातात 'विळा' आला होता. पिंजऱ्यात हा "कोलू, कोलू" करत हात लांब करून दाखवू लागला. कोलू म्हणजे काठी, कुडगोलू म्हणजे विळा. शेवटी साहेबांनी शिपायाची काठी दाखवायला लावली, तेव्हा त्यानं मान हलवली. तोवर तो आरोपी कितीतरी महिने आत होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

श्वार्त्झ हंगेरियन, इंग्रजी येत नव्हतं, पोलिसांकडे आणि 'स्टार' वर्तमानपत्राकडे, दोन्हीकडे दुभाष्या. त्यानं तिथं आणखी एक माणूस पाहिला; पोलिसांच्या कागदात हा दुसरा माणूस पाइप पेटवतोय, १ ऑक्टोबरच्या 'स्टार'मध्ये त्याच्याच हातात सुरी! म्हणून पाइप-सुरी बाजूला ठेवा. फाटकाशी बाईशी झटापट झाली, एवढं दोन्हीकडे आहे. ते धरा.

आता ब्राउन. कॉन्स्टेबल स्मिथनं साडेबाराच्या सुमारास तिच्या अंगावर फूल पाहिलं, प्रेताच्या जाकिटावरही लाल गुलाब होता. ब्राउनच्या नजरेत फूल नाही. शिवाय शेजारच्या फॅनी मॉर्टिमरनं कोपऱ्यावर एक तरुण जोडपं उभं असल्याचं सांगितलंय. मला वाटतं ब्राउननं तेच पाहिलं.

प्रश्नकर्ता
पण काका, वेळ? सगळे अंदाजानंच सांगतात ना?

उत्तर २
प्रेत तपासायला आलेला डॉ. ब्लॅकवेल नाही सांगत. तो खिशातलं घड्याळ बघून १ वाजून १६ मिनिटांनी पोचला आणि म्हणाला, मरून वीस मिनिटं ते अर्धा तास झाला. म्हणजे १२:४६ ते १२:५६. मरणाची वेळ तोही अंदाजानंच सांगतो, पण पोचल्याची वेळ पक्की आहे. आधी ती खुंटी ठोका, मग बाकीचे जबाब तिला टांगून बघा. श्वार्त्झचा बसतो.